सीडी-४ची अट आणि उपचाराची प्रतीक्षा

महाराष्ट्रातील एचआयव्हीविषयक शासकीय धोरणाचा विचार करताना १ एप्रिल २००४ ही तारीख आधी नोंदवावी लागते, कारण त्या दिवसापासून महाराष्ट्रासह सहा राज्यांतील निवडक सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे विषाणूची शरीरातील वाढ रोखणारी आणि आयुष्यभर घ्यावी लागणारी औषधे, मोफत मिळू लागली. त्यापूर्वी औषधे परवडत नाहीत म्हणून घरोघरी माणसे झिजून गेली होती, त्यामुळे या निर्णयाचे मोल फार मोठे आहे. तथापि मोफत औषध प्रत्येक बाधिताला लगेच मिळत नव्हते, आणि याचा प्रत्यय प्रस्तुत लेखिकेला पश्चिम महाराष्ट्रातील एका सरकारी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना वारंवार आला.

उपचार सुरू करण्याचा मुख्य निकष सीडी-४चा आकडा हा होता. सीडी-४ या रोगप्रतिकारासाठी आवश्यक असलेल्या पांढऱ्या पेशी असून एचआयव्ही प्रामुख्याने त्यांनाच नष्ट करतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणपणे ५०० ते १५०० असतात. सुरुवातीच्या वर्षांत हा आकडा २००च्या खाली उतरल्यावरच औषधे दिली जात. ही मर्यादा पुढे ३५० व नंतर ५००पर्यंत वाढवण्यात आली. आकडा त्या-त्या वेळच्या मर्यादेखाली येईपर्यंत रुग्णाचे नाव ‘प्री-एआरटी’ नोंदवहीत, म्हणजे उपचारापूर्वीच्या यादीत राही आणि त्याला सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावले जाई. ज्याने नुकताच आपला निदानाचा अहवाल ऐकला आहे, त्याला ‘तुमचा आकडा अजून चांगला आहे, तेव्हा गोळ्या आत्ता नाहीत’ असे सांगणे लेखिकेला फार जड जात असे. ऐकणाऱ्याला ते आश्वासक वाटे, आणि धोका नेमका तिथेच होता.

गळीत हंगामाची उचल घेऊन टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात निघालेली एक ऊसतोड मजूर स्त्री अशीच परत गेली. सहा महिन्यांनंतरच्या तारखेला ती आली नाही; पुढच्या हंगामानंतर तिला नवऱ्याने आधार देत आणले तेव्हा फुप्फुसांत क्षयरोग पसरलेला होता आणि सीडी-४ शंभराच्या आत आला होता. हलगर्जीपणाचा ठपका तिच्यावर ठेवणे सोपे होते, परंतु आजारी पडेपर्यंत थांबायला तिला व्यवस्थेनेच सांगितले होते. मर्यादित निधीत आधी अधिक आजारी माणसाला औषध द्यावे, हा त्यामागचा तर्क समजण्यासारखा असला, तरी त्याची किंमत नोंदवहीतून गळून गेलेल्यांनी मोजली.

२०१७मध्ये भारताने ‘तपासा आणि उपचार करा’ हे धोरण स्वीकारले आणि आकडा कितीही असला तरी निदान झालेल्या प्रत्येकाला औषध द्यावे असे ठरले. त्यातून प्रतिबंधही साधतो, कारण नियमित औषधाने रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके घटले की त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या एचआयव्हीविषयक कायद्याने भेदभावास मनाई केली आणि गोपनीयतेला संरक्षण दिले. तरीही बाटलीवरचे लेबल केंद्राच्या दारातच खरडून काढणारे, गोळ्या साध्या डबीत ओतून घेणारे रुग्ण लेखिकेने त्यानंतरही पाहिले आहेत. शेजारणीने नाव वाचू नये एवढीच त्यांची धडपड असते.

औषधाची अट गेली तरी अंतराची अडचण उरली आहे. दरमहा केंद्रावर यायचे तर मजुरीचा खाडा होतो, मुकादमाला कारण सांगावे लागते आणि एसटीचे भाडेही भरावे लागते. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत टाळेबंदीच्या काळात उपयोगी ठरली. ती ऊसतोडीच्या हंगामाशी जोडून, टोळी निघण्यापूर्वीच संपूर्ण हंगामाचा साठा मजुराच्या हाती द्यावा आणि कारखान्याजवळच्या केंद्राला त्याची माहिती गोपनीय रीतीने आधीच कळवावी, अशी लेखिकेची आग्रहाची मागणी आहे.