टफी नसता तर?

शनिवारची रात्र. जेवणे आटोपली होती. इंदूरच्या एका मराठी घरात टीव्हीवर ‘हम आपके हैं कौन’ लागला होता. आजी वाती वळत बसली होती, बाबा आरामखुर्चीत होते, सात वर्षांचा मुलगा सतरंजीवर लोळत होता आणि अकरा वर्षांची मुलगी आईला टेकून बसली होती. रिमोट आईच्या हातात होता, पण त्या दिवशी तो नुसताच होता. या चित्रपटाला रिमोट लागत नाही, हे तिला पाठ होते. १९९४ मध्ये तो आला तेव्हा ती स्वतः अकरा वर्षांची होती. अकोल्याच्या टॉकीजमध्ये काका-काकू, आत्या, चुलत भावंडे अशी बारा माणसे एका रांगेत बसून तो पाहून आली होती. लग्न, डोहाळजेवण, चौदा गाणी, आणि मान खाली घालायची वेळ एकदाही नाही. सहकुटुंब पाहावा असा चित्रपट म्हणजे हाच, हे तिचे मत तेव्हापासून कायम होते.

थोरली बहीण जिन्यावरून पडून जाते. तान्ह्या बाळाला आई हवी म्हणून धाकटीचे लग्न तिच्या मेव्हण्याशी लावायचे, असे मोठी माणसे ठरवतात. धाकटीला वाटते, आपले लग्न आपल्या आवडत्या प्रेमशी ठरले आहे. ती आनंदाने होकार देते. खरे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मग टफी नावाचा कुत्रा तिची चिठ्ठी नेमकी मेव्हण्याच्या हाती देतो आणि सगळे गोड होते.

‘‘आई, तिला सरळ का नाही सांगितलं, लग्न कुणाशी आहे ते?’’ मुलीने विचारले.

‘‘अगं, गैरसमज झाला तिचा.’’

‘‘पण नीट विचारलं असतं तर झाला असता का? आणि टफी नसता तर?’’

बाबा हसले. मुलालाही हसू आले, कारण त्याला फक्त टफीच आवडला होता. आजीचे हात मात्र वातीवर थांबले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून झोपायला गेली.

आईला त्या रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. मुलीच्या प्रश्नापेक्षा तिला दुसरीच गोष्ट टोचत होती. याच वयात याच चित्रपटात आपल्याला हा प्रश्न का पडला नाही? बारा माणसांच्या रांगेत कुणालाच कसा पडला नाही?

इतकी वर्षे तिची परीक्षा सोपी होती. पडद्यावर दोन माणसे जवळ आली की रिमोट दाबायचा. रिमोट सापडला नाही तर मुलीला पाणी आणायला पाठवायचे. बाबांची युक्ती वेगळी. त्यांना नेमक्या त्याच वेळी बातम्यांची आठवण होई. मुले अर्थात सगळे ओळखून होती. एकदा नायक-नायिका पावसात भिजू लागले आणि मुलगी कुणी न सांगताच उठली. ‘‘पाणी आणू ना?’’ असे तिने विचारले, तेव्हा घरात जी शांतता पसरली ती कुठल्याही दृश्यापेक्षा अवघड होती.

पण थप्पड आली तर? थपडेला या घरात रिमोट कधीच दाबला गेला नव्हता. रात्री आठच्या मालिकेत सासू सुनेच्या थोबाडीत मारते, नवरा हात उगारतो, कुणी दुधात काहीतरी कालवते, आणि समोर ताटे वाढलेली असतात. भाजीत मीठ कमी आहे का, हे विचारायलाही कुणाला अडचण वाटत नाही. २०२० मध्ये ‘थप्पड’ नावाचा चित्रपट आला. भर मेजवानीत नवऱ्याने मारलेली एकच चपराक आणि त्यानंतर बायकोला पडलेले प्रश्न, एवढाच त्याचा विषय. आईने तो एकटीने, दुपारी पाहिला होता. मुलांना दाखवायला नको, असे तिला तेव्हा वाटले. का वाटले, हे तिला आता सांगता येईना. रोजच्या मालिकेतल्या थपडा मुले पाहतच होती. ज्या चित्रपटात थप्पड चुकीची म्हटली होती, तेवढाच त्यांच्यापासून लपवला गेला होता!

या मालिकांचा परिणाम काय, हे तिला एका रविवारी गच्चीवर दिसले. मुलगा आणि शेजारची दोन पोरे ‘घर-घर’ खेळत होती. एकाने वाटीत माती कालवली. ही म्हणे विषारी खीर. दुसऱ्याने छातीवर हात ठेवून तीनदा मान वळवली आणि दर वेळी तोंडाने ‘धडाम्’ असा आवाज काढला. मग तिसऱ्याला, म्हणजे सुनेला, जिन्याबाहेर ढकलून दार लावले. सून बाहेरून खऱ्याखुऱ्या रडत होती.

आता आठची मालिका बंद करावी, तर ती आजीची. सासूबाईंना ‘हे पाहू नका’ कोण सांगणार? शिवाय परमुलखात मुलांच्या कानावर मराठी पडावे म्हणून मराठी वाहिनी घरात आजीनेच मागून घेतलेली. आईने जेवणाची वेळ साडेसातवर आणून पाहिली. चार दिवस जमले. पाचव्या दिवशी बाबांना कचेरीत उशीर झाला आणि ताटे पुन्हा आठ वाजता मांडली गेली.

सरकारी शिक्क्यावर भरवसा ठेवावा, असे बाबांचे म्हणणे. शिक्क्याचा उपयोग आहेच. १९५२ च्या कायद्याने सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ अशी विभागणी केली. १९८३ मध्ये ‘यूए’ आणि ‘एस’ आले, आणि मंडळाच्या इंग्रजी नावातून ‘सेन्सॉर’ हा शब्द गेला. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. घरबसल्या इंटरनेटवर दिसणाऱ्या मालिकांनाही २०२१ पासून असेच वयाचे शिक्के आहेत आणि तेरा वर्षांपुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोय द्यावी लागते. बाबांनी ते कुलूप लावले. त्याचा आकडा म्हणजे लग्नाची तारीख. मुलीने तो दुसऱ्या दिवशी ओळखला. बाबांना मात्र तो दोनदा आठवला नाही.

आईचे म्हणणे असे की, शिक्का वय सांगतो. चित्रपट संपल्यावर मूल काय विचारील आणि तेव्हा त्याच्याजवळ कोण बसलेले असेल, हे तो सांगू शकत नाही. ‘यूए’त निदान पालकांची आठवण तरी ठेवली आहे. ‘यू’ दिसला की पालक उठून ओटा आवरायला जातात.

तिचीही एकदा चूक झाली. तिने ‘श्वास’ लावला होता. २००४ मध्ये आलेला, सुवर्णकमळ मिळवलेला मराठी चित्रपट; मारामारी नाही, आचरटपणा नाही. कोकणातला छोटा परशा आजोबांबरोबर पुण्याच्या इस्पितळात येतो. त्याच्या डोळ्यांत कर्करोग असतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ‘‘सात वर्षांच्या पोराला हे कशाला?’’ असे बाबा म्हणाले होते आणि ते बरोबर ठरले. मुलगा दोन रात्री आईला चिकटून झोपला. दुसऱ्या दिवशी डोळे गच्च मिटून, भिंतीला हात लावत, घरभर फिरत राहिला. देव्हाऱ्याशी अडखळला तेव्हा आईने त्याला जवळ घेतले.

‘‘आई, परशाला आधी सांगायला हवंच होतं का?’’

‘‘हो. डोळे त्याचे होते ना.’’

‘‘आजोबांना सांगताच येत नव्हतं.’’

‘‘म्हणून तर त्यांना इतका त्रास झाला.’’

तिला वाटले, दाखवायला घाई झाली हे खरे, दोन वर्षे थांबायला हवे होते. त्यानंतर तिने ‘एलिझाबेथ एकादशी’ लावला. पंढरपूरची पोरे, लाडकी सायकल विकावी लागू नये म्हणून कार्तिकीच्या जत्रेत त्यांनी मांडलेले बांगड्यांचे दुकान. तो मुलाने तीनदा पाहिला. कर्ज म्हणजे काय आणि बँक वस्तू का नेते, हे बाबांना त्याला पुनःपुन्हा समजावून सांगावे लागले. बाबांनी त्यासाठी एक सामनाही सोडला.

आणि आजी? टफीच्या रात्रीनंतर आठवडाभर ती त्या विषयावर काही बोलली नव्हती. पुढच्या शनिवारी मालिका सुरू व्हायला पाच मिनिटे होती. मुलगी शेंगा सोलत होती. आजी एकदम म्हणाली, ‘‘त्या सिनेमातल्यासारखंच माझ्या मोठ्या मावशीच्या लेकीचं झालं होतं. देवासला. थोरली बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत धाकटीला तिथेच दिली. सोळा वर्षांची होती.’’

‘‘तिला विचारलं होतं?’’

‘‘मांडवात उभी केली तेव्हा कळलं तिला, नवरा कोण ते.’’

आईचे पोळीवरचे हात थांबले. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

‘‘मग, आजी?’’

‘‘मग काय? टफी नव्हता ना आमच्याकडे.’’

‘‘कुत्राच नव्हता?’’ मुलाने विचारले.

‘‘होता रे. पण चिठ्ठी कोण लिहिणार? तिला लिहायला कुठे येत होतं!’’

आठ वाजले. मालिकेचे गाणे सुरू झाले. मुलाने सवयीने आवाज वाढवला.

‘‘राहू दे रे जरा,’’ आजी म्हणाली आणि नातीकडे वळली. ‘‘तिच्या सासरी मी एकदा राहायला गेले होते, ते सांगते...’’