एंजिन एका सालचें, डबे दुसऱ्या

कोथरूडास १९९८ सालीं उघडलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहावयास मागें नातवासह गेलों होतों. चिमुकल्या गाड्या पाहतां पाहतां त्यानें विचारलें, “आजोबा, आपली घरची गाडी बरोबर आहे ना?” घरीं त्यानें ‘डब्ल्यूडीएम-२’ या डिझेल एंजिनाच्या प्रतिकृतीस १९३० सालच्या दख्खनच्या राणीचे डबे जोडले होते. ती राणी विजेवर धावूं लागली. हें एंजिन तर १९६२ सालीं आपल्या देशांत आलें. “मग एंजिन बदलूं,” तो म्हणाला. परंतु माझे कैलासवासी वडील बंधु असेंच एंजिन चालवीत. म्हणून एंजिन ठेविलें व पेरांबूरच्या धाटणीचे विटकरी डबे जोडले. आतां गाडी खरी झाली, आणि स्मृतीहि राहिली.