बेल्ट अडकवायचा कुठे?

वीकेंड होमच्या टाइल्सपासून टेरेसपर्यंत सगळं आपण स्वतः निवडतो. ते घर ज्या परांचीवर उभं राहून बांधलं जातं, तिच्याकडे मात्र ढुंकूनही बघत नाही.

सध्या आमच्या ग्रुपमध्ये दोनच विषय चालतात. एक, अप्रेझल. दुसरा, कर्जतचा प्लॉट. लोणावळा महाग झालं, अलिबागला ट्रॅफिक, मग उरलं कोण? कर्जत! त्यातही ज्यांना 'अनटच्ड' वगैरे काहीतरी हवं असतं, ते मुरबाड रस्त्याने आणखी आत शिरतात, कशेळ्याला. ट्रेकर्सना हे नाव जुनंच. पेठचा किल्ला करायचा तर कशेळ्यावरून आंबिवली, भीमाशंकरला शिडीच्या वाटेने चढायचं तर कशेळ्यावरून खांडस. पूर्वी आपण इथे चहा-वडापावला थांबायचो. आता हातात बंगल्याचा प्लॅन घेऊन थांबतो.

माझ्या एका मित्राचं असंच एक घर तिथे उभं राहतंय. नवरा-बायको दोघंही आयटीवाले. तळमजला, वर एक मजला, त्यावर उतरतं छप्पर. टाइल्ससाठी त्यांनी तीन शोरूम पालथ्या घातल्या. पण बाहेरून प्लास्टर करणारी माणसं कशावर उभी राहणार, असं विचारलं तर मित्र म्हणाला, "ते कॉन्ट्रॅक्टर बघतो ना!" त्याला तरी काय बोलायचं? आपण सगळे हेच म्हणतो.

त्याच्या आर्किटेक्टने मात्र अट घातली. प्लास्टर सुरू होण्याआधी सगळ्या कामगारांना परांचीवरच्या सुरक्षेचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग. मला स्टोरीचा वास आला. गेले.

झाड आणि परांची

कामगार नऊ. गवंडी बाहेरचे, बिगारी बहुतेक आसपासच्या ठाकूरवाड्यांमधले, त्यात दोन बायका. शिकवायला आलेले काका पन्नाशीचे. अर्धं आयुष्य केमिकल कंपन्यांमध्ये परांच्या बांधण्यात गेलेलं. मला वाटलं, आता प्रोजेक्टर, स्लाइड्स, बोअर. काकांनी फक्त समोरच्या बांबूच्या परांचीला एक धक्का द्यायला सांगितलं. परांची चांगलीच हलली.

"का हलली?" काकांनी विचारलं. कोणी बोलेना.

एक विशीतला मुलगा हसत म्हणाला, "काका, आम्ही मधासाठी याच्या दुप्पट उंच झाडावर चढतो."

"झाड मुळावर उभं असतं. ही कशावर उभी आहे?"

सगळ्यांनी खाली बघितलं. दोन बांबूंचे पाय विटांच्या थरावर होते. कशेळ्याच्या पावसात इथली माती कशी होते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत. मग फटाफट उत्तरं यायला लागली. खाली रुंद, जाड फळी हवी. तिरपे बांबू हवेत. परांची जागोजागी इमारतीला घट्ट बांधलेली हवी. काथ्या पावसात कुजतो, बांबूला चिरा जातात, म्हणून रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एकाने फिरून बघायचं, आणि पाऊस-वारा होऊन गेला की पुन्हा. फळ्या दोन टाकून भागवायचं नाही, पूर्ण रुंदी भरायची आणि बांधायची. कमरेशी एक आडवा बांबू, त्याखाली मध्ये एक, आणि पायाशी उभी पट्टी, म्हणजे वरची थापी खालच्याच्या डोक्यावर पडत नाही. आणि ज्या वजनासाठी परांची बांधायची, त्याच्या चौपट पेलेल इतकी ती भक्कम हवी. सिमेंटची पोती रचून ठेवायला ती गोडाऊन नव्हे!

बेल्टचं गणित

आता माझा आवडता भाग. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदणी झालेल्या कामगारांना सुरक्षा संच मिळाले आहेत. त्यात हेल्मेट, बूट, हार्नेस बेल्ट, मच्छरदाणी असं बरंच काही. "काय काय वापरता?" असं काकांनी विचारल्यावर एक गवंडी प्रामाणिकपणे म्हणाला, "मच्छरदाणी रोज." बेल्ट पत्र्याच्या पेटीत.

हसू आलं, पण पुढचा प्रश्न त्याचाच होता. "बेल्ट लावतो की. अडकवायचा कुठे?"

काकांनी भिंतीवर खडूने बेरीज मांडली. बेल्टची दोरी ६ फूट. झटका शोषणारा पट्टा उघडला की आणखी साडेतीन. खाली लोंबकळणारा माणूस ६ फुटांचा. वर ३ फूट हाताशी ठेवायचे. एकूण साडेअठरा. हूक जिथे लावला, तिथून खाली एवढी मोकळी जागा हवी. आणि आपण १० फुटांवर उभं राहून हूक लावतो पायाशीच्या बांबूला. म्हणजे बेल्ट थांबवेल त्याच्या आत जमीन थांबवणार!

मी थक्क. बेल्ट म्हणजे सुरक्षा, एवढंच मला माहीत होतं. एकमजली बंगल्यावर पहिला जीव वाचवतो तो कठडा. बेल्ट हवाच, पण हूक डोक्याच्या वर आणि परांचीला नव्हे, इमारतीच्या पक्क्या भागाला. त्यासाठी स्लॅब ओततानाच इंजिनीअरला विचारून लोखंडी कड्या सोडाव्या लागतात. आणि बेल्टला लटकलेला माणूस काही मिनिटांत खाली घ्यावा लागतो, नाहीतर पायात रक्त साकळून तो तसाच दगावू शकतो. खाली कसा घ्यायचा, हे आधीच ठरलेलं हवं.

मग शिडी. दर ४ फूट उंचीला पाय १ फूट बाहेर, चढताना दोन्ही हात शिडीवर. यावर एक ताई पटकन म्हणाली, "दोन्ही हातांनी शिडी धरली तर घमेलं कोण धरणार?"

काका दोन सेकंद थांबले. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. इथे कप्पी हवी." मुकादमाने मान खाली घातली. एक कप्पी आणि एक दोर, बस्स. तेवढ्यासाठी ती ताई दिवसभर एका हाताने शिडी चढत होती.

खाडा कोणाचा?

खरी पंचाईत वेगळीच होती. अर्धा दिवस ट्रेनिंग म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा. हातावर पोट असलेल्या माणसाला सुरक्षा शिकण्यासाठी मजुरी सोडा म्हणणं हा विनोदच. कॉन्ट्रॅक्टर मित्राला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, एकदा द्याल, मग दर वेळी मागतील." मित्राने माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मागू देत की!" मजुरी दिली गेली.

पण हे सगळं मालकाच्या मर्जीवर का? कारण कायद्यात फट आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने १० लाखांपर्यंत खर्चाचं स्वतःच्या राहण्याचं घर बाहेर ठेवलं होतं, आणि दहापेक्षा कमी कामगारांची कामंही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा संहितेत दहाची अट तशीच, घराच्या खर्चाची मर्यादा मात्र ५० लाख. आमचे नऊ जण मोजा. लक्षात आलं ना?

मोठे अपघात बातमीत येतात. बालेवाडीत २९ जुलै २०१६ ला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत स्लॅब कोसळून नऊ कामगार गेले. शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर लाँचर कोसळला, वीस जण गेले. बंगल्यावरून एकटा पडलेला बिगारी कोणत्या पानावर छापणार? ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनुसार २ मीटर किंवा त्याहून खाली पडण्याचा धोका असलेली परांची वापरण्याआधी आणि मग दर सात दिवसांनी तपासावी लागते. दोन मीटर! आपल्याकडे एवढ्या उंचीला कोणी उंची म्हणतच नाही.

तुम्हीही बांधताय?

मग एवढं करा. कोटेशनमध्ये परांची, कठडा, कप्पी आणि ट्रेनिंगच्या दिवसाची मजुरी अशा वेगळ्या ओळी लिहून घ्या. वेगळ्या लिहिल्या की कॉन्ट्रॅक्टरला त्या गाळून रेट पाडता येत नाही. कामगारांची मंडळाकडे नोंदणी आहे का, विचारा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, गावात तो ग्रामसेवकही देतो. शिकवायला माणूस हवा असेल तर पनवेलला लार्सन अँड टुब्रोची बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, तिथून चौकशी सुरू करा. वाडीतल्या एखाद्या मुलाला तिथे शिकायला पाठवता आलं तर सोन्याहून पिवळं. आज तो बिगारी आहे, उद्या परांची बांधणारा मिस्त्री होईल.

आणि पुढच्या वेळी साइटवर जाल तेव्हा सेल्फी काढण्याआधी खाली बघा. बांबूचे पाय विटांवर असतील, तर त्या दिवशीचं काम थांबवा. पैसे तुमचे आहेत, तुमचं ऐकतील.