आजोबांचा वारसा

घरातला कर्ता पुरुष गेला, की वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवतात. समोर त्याची माउली पदराने डोळे पुसत असते. अशा वेळी मी पैठणच्या नाथमहाराजांचे चरित्र सांगत असे. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवले. नाथांनी गिरिजाबाईंसह संसार केला, लेकरे वाढवली आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रतही सिद्ध केली. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी देह ठेवला. पुढे महाभारताची पर्वे मराठी ओवीत आणणारे मुक्तेश्वर हे त्यांच्या लेकीचे पुत्र, असे परंपरा सांगते. आजोबांकडून मिळालेले नातवापर्यंत पोचले.

तेव्हा तसबिरीला हार घालाच. पण गेलेल्याचा टाळ आणि त्याचे खुरपे, दोन्ही नातवाच्या हाती द्या.