नामपल्लीचे सहा तास

वेलंकनी मातेच्या यात्रेस निघालेली आम्हां आठ जणांची मंडळी हैदराबादमार्गे चेन्नईस जावयाची होती. मुंबईची गाडी दुपारी बाराच्या सुमारास नामपल्ली स्थानकात पोहोचणार व चेन्नईची गाडी तेथूनच सायंकाळी सहाला सुटणार. मधले सहा तास रिकामे! तिकिटे हाती पडताच तरुणांनी वहीच्या पानावर यादी उतरविली: चारमिनार, गोवळकोंड्याचा किल्ला, सालारजंग संग्रहालय, हुसेनसागर, बिर्ला मंदिर. मंडळींतील चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशींनी ती शांतपणे ऐकून घेतली व एवढेच विचारले, “आणि देऊळ?” त्यावर सर्वजण हसले व यादीच्या शेवटी देवळाचे नाव चढले.

आमच्या शेजारचा एक तरुण प्रवासी जहाजावर नोकरीस असतो. तो रजेवर आला असता त्यास ती यादी दाखविली. त्याने स्थळांची नावे वाचलीच नाहीत. “गाडी किती वाजता सुटते?” हा त्याचा पहिला प्रश्न. जहाज सकाळी बंदरास लागते व संध्याकाळी सुटते. जहाजाच्याच सहलीत गेलेल्या उतारूंसाठी ते सहसा खोळंबते. परंतु आपापले फिरावयास गेलेल्यांसाठी थांबत नाही. म्हणून जाणता उतारू सुटण्याच्या घटकेपासून मागे मोजीत येतो. आम्हीही तसेच मोजले. गाडीपूर्वी एक तास स्थानकात हजर. जेवण व सामान ठेवणे यांस एक तास. गाडीस उशीर होईल त्याचा एक तास. उरले तीन! गोवळकोंडा स्थानकापासून दहा-अकरा किलोमीटर, त्यात किल्ल्याची चढण. त्यावर काट मारली. हुसेनसागर व बिर्ला मंदिरही गेले. मुलांची तोंडे उतरली, पण इलाज नव्हता.

येथे वाचकांस दोन गोष्टी सांगून ठेवतो. तिकिटावर ‘हैदराबाद डेक्कन’ असे छापलेले असते तेच हे नामपल्ली, १९०७ साली उघडलेले. सिकंदराबाद, काचीगुडा व चर्लापल्ली ही स्थानके निराळी. पुढची गाडी यांपैकी कोठून सुटते ते दोनदा वाचावे. दुसरे असे की, सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते. आमचा वार गुरुवार होता, हे आमचे नशीब. आम्ही काही तो पाहून तिकिटे काढली नव्हती.

गाडी पन्नास मिनिटे उशिरा पोहोचली. सामानघरात कुलूप लावलेलेच सामान घेतात. एका पिशवीस कुलूप नव्हते, ते विकत आणण्यात आणखी वेळ गेला. जेवून उठतो तो दोन वाजले. आता सर्व काही होणे नाही, हे सर्वांस कळले आणि वाद सुरू झाला. तेव्हा मावशी म्हणाल्या, “तुम्ही जा हो सगळे. मी इथे बाकावर बसून रोझरी करते.” त्या रागाने बोलल्या नव्हत्या, म्हणूनच ते अधिक लागले.

शेवटी आम्ही दोन वाटा केल्या. चौघे तरुण मेट्रोने गेले. २०१८ पासून नामपल्लीहून महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत थेट मेट्रो आहे. तेथून संग्रहालय जवळ पडते. पाच वाजता स्थानकाच्या मोठ्या दारापाशी भेटावयाचे ठरले. आम्ही उरलेले चौघे मावशींसह रिक्षाने गनफाउंड्रीस गेलो. अंतर दोन किलोमीटरांच्या आतले. निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड नावाच्या फ्रेंच सेनानीने तेथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता, त्यावरून हे नाव पडले. त्याच भागात मिलानच्या मिशनरी धर्मगुरूंनी उभारलेले संत जोसेफाचे देऊळ आहे. १८७५ च्या नाताळात तेथे पहिली मिस्सा झाली. आज ते हैदराबादच्या आर्चबिशपांचे महामंदिर आहे. दोन उंच मनोरे, आणि बाहेर वाहनांचा एवढा गलबला असता आत गारवा!

मावशी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे घरी खुर्चीवर बसून प्रार्थना करतात. येथे त्या गुडघे टेकून बसल्या व बराच वेळ उठल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितले की, त्यांची धाकटी बहीण व्रतस्थ भगिनी होऊन या शहरात आली होती व येथेच वारली. त्या वेळी मावशींच्या घरी बाळंतपण होते. त्यांना येता आले नाही. बहिणीची पत्रे मात्र येत, आणि त्यांत या देवळाच्या घंटांचा उल्लेख असे. यादी करताना आम्ही मावशींना देवळाविषयी काहीच विचारले नव्हते.

पाच वाजून गेले तरी मुलांचा पत्ता नव्हता. दहा मिनिटे आमचा जीव वर-खाली होत होता. मग चौघेही घामाघूम होऊन धावत आले. चारमिनार राहिला म्हणाले. संग्रहालयातील घड्याळात चारचे टोल द्यावयास एक बाहुला बाहेर येतो, तो पाहण्यासाठी गर्दीत बसून राहिले. पण मुलींना सर्वांत आवडली ती संगमरवराची रिबेका. इटालियन शिल्पकार बेंझोनी याची ही मूर्ती पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोमहून आणली. सगळा दगडच, तरी तोंडावरची ओढणी झिरझिरीत वाटते.

गाडीत जागा मिळाल्यावर मावशींनी रिबेकेची कथा सांगितली: उंटावरून येताना तिने दुरून इसहाकास पाहिले व ती खाली उतरली, आणि मग तोंडावर पदर घेतला.

“डोळे दिसतात का ग तिचे?” त्यांनी विचारले.

“दिसतात, मावशी. खाली पाहतेय.”

तेवढ्यात गाडी हलली.