चौकटीतला माणूस

दिल्लीस बदली झाल्यावर आम्ही कॅमेरा घेतला आणि रविवारी छायाचित्रणाच्या वर्गास जाऊ लागलो. फायलींवर शेरे मारणाऱ्या हातांस तेथे नवेच व्याकरण भेटले. भिंगाचे छिद्र एफ/२.८ वर ठेवले तर प्रकाश अधिक, एफ/१६ वर कमी; आकडा मोठा, छिद्र लहान! आमच्या वेतनश्रेणीच्या नेमका उलटा न्याय.

एवढ्या विद्येवर आम्ही, गावाहून आलेल्या वडिलांना हुमायूनच्या कबरीपुढे उभे केले. घुमट पुरता यावा म्हणून मागे मागे सरकलो. छायाचित्रात संगमरवरी घुमट लखलखला. वडील बोटभर, चेहरा काळवंडलेला. कारण पुढच्या पाठात उमगले. कॅमेरा उजेडाची सरासरी धरतो. पाठीशी लख्ख आकाश असले की माणूस अंधारात जातो. अशा वेळी जवळ जावे, चेहऱ्यावरचा प्रकाश मोजावा.

‘पुढल्या खेपेस नीट काढू,’ असे आम्ही वडिलांना फोनवर सांगितले. पुढली खेप आली नाही.

ते छायाचित्र संगणकावर उजळून पाहिले. चेहऱ्याऐवजी दाणेच उमटले. आज ते तसेच भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, “हुमायूनची कबर ना?”

आम्ही ‘होय’ म्हणतो.