पहाटे रुसणाऱ्या पिकअपला

प्रिय पिकअपबाई,

पत्रास कारण की, गेल्या पंधरवड्यात भल्या पहाटे मी तुला जे जे बोललो, ते आजूबाजूच्या चार वस्त्यांनी ऐकलं. शिव्या चारचौघांत दिल्या, तर माफीही चारचौघांतच मागावी, म्हणून हे अनावृत पत्र.

निफाडची थंडी मी तुला काय सांगावी! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर आल्याच्या बातम्या सुरू झाल्या की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. लाल कांदा बाजारात न्यायचे दिवसही नेमके हेच. रात्रीच तुझ्यात पंधरा क्विंटल माल भरायचा, वर ताडपत्री बांधायची आणि लिलाव सुरू व्हायच्या आत बाजार समितीच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. यंदा मात्र रांग आपल्याशिवायच लागत होती. चावी फिरवावी, तू घर्र... घर्र करावंस, मागून पांढरा धूर सोडावास आणि गप्प व्हावंस. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फात चालू! मला वाटलं, ही मुद्दाम करते.

‘बॅटरी गेली,’ पारावरच्या सगळ्यांचं एकमत झालं. मीही मीटर लावला नाही की टर्मिनल उघडून पाहिलं नाही. जुनी मोडीत घातली, नवी आणली. दुसऱ्या दिवशी सेल्फ जोरात फिरला आणि मी मिशीत हसलो. तू मात्र चालू झालीच नाहीस. मग तुला ट्रॅक्टरने ओढलं. एकदा तर पेटता बोळा एअर फिल्टरच्या तोंडाशी धरला. तो अगोचरपणा आठवला की आता अंगावर काटा येतो.

शेवटी फिटर आला. आयटीआय शिकलेला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा पोरगा. आल्या आल्या पान्याला हात न लावता त्याने दोन प्रश्न विचारले. ‘दादा, दुपारी कशी लागते? आणि पहाटे सेल्फ मारताना धूर येतो का?’

मी म्हणालो, ‘येतो की, पांढरा. डोळ्याला झोंबतो.’

‘मग निम्मं काम झालं,’ तो म्हणाला.

त्याचं सांगणं असं. धूर आलाच नसता, तर डिझेल इंजिनापर्यंत पोचत नाही असं धरून त्याने फिल्टरमधलं पाणी, पाइपातली हवा, हातपंप हे सगळं पाहिलं असतं. रात्रभरात पाइपात हवा शिरली की डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंप कोरडाच ओढत बसतो. पण पांढरा, झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. माल पोचतोय, चूल पेटत नाहीये.

तुझ्या पोटात ठिणगी नसतेच. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्याची गंमतच ती. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी आणि डिझेलचा फवारा पडताच पेट घ्यावा. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं ना, तसंच, फक्त कितीतरी पटींनी. तुझ्यात हवा वीसेक पट दाबली जाते आणि ५०० अंशांच्या वर तापते. पण पहाटे लोखंडच गारठलेलं असलं की ती ऊब सिलिंडरच्या भिंतीच पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एकेक हीटर प्लग दिलेला. चावी अर्धी फिरवली की त्याचं टोक लालभडक होतं आणि डिझेलला पहिली धग देतं.

‘पण डॅशबोर्डवरचा स्प्रिंगचा दिवा तर रोज लागतो!’ मी म्हणालो.

पोरगा हसला. ‘हिच्यासारख्या जुन्या गाडीत तो दिवा फक्त थांबायला सांगतो, दादा. प्लग तापला का, ते त्याला कुठं ठाऊक?’

त्याने चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढली. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावली आणि दुसरं टोक एकेका प्लगला टेकवलं. पहिल्याला दिवा लागला. दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही, चौथ्यालाही नाही. तीन प्लग मेलेले! घाईने काढताना प्लग आत मोडला तर हेड उतरवावं लागतं, म्हणून त्याने बुडाशी गंजाचं तेल सोडलं, वाट पाहिली आणि मग हलक्या हाताने ते फिरवले. चार नव्या प्लगांना बॅटरीच्या निम्मेही पैसे लागले नाहीत.

जाता जाता त्याने आणखी एक चिमटा काढला. नव्या बॅटरीने सेल्फ जोरात फिरला तो का? तर ती बसवताना टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासली गेली होती. जुन्या बॅटरीवर आधी मीटर लावायला हवा होता. विसावलेली बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना साडेनवाच्या खाली जात नाही, तर ती धडधाकट. आता कुणाला विचारणार? ती केव्हाच भंगारात गेली.

तर बाई, हे तीन प्लग एका रात्रीत गेले नसणार. एक गेला तेव्हा उरलेल्या तिघांनी ओढून नेलं, दुसरा गेला तेव्हा उन्हाळा होता. एप्रिलच्या चाळीस अंशांत तुझं दुखणं झाकलं गेलं आणि मी म्हणत राहिलो, ‘आमची गाडी कधी त्रास देत नाही.’ पांढऱ्या धुरातून तू रोज सांगत होतीस. मी तोंडावर रुमाल धरून शिव्या देत होतो.

परवा पहाटे चावी अर्धी फिरवली, स्प्रिंगचा दिवा विझेस्तोवर थांबलो आणि तू पहिल्याच सेल्फाला बोललीस. रांगेत आपला नंबर सातवा होता.

दर दसऱ्याला तुला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, हळदीकुंकू लावतो. पुढच्या दसऱ्याला थंडीच्या तोंडावर हार घालण्याआधी बॉनेट उघडेन आणि टेस्ट लॅम्प चारही प्लगांना टेकवीन. चारही वेळा दिवा लागला, की मग नारळ.

तुझा,
चावीवाला